आमच्या खाचरातला घटत्या फलाचा नियम

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरची भाताची आवणी मी अर्थशास्त्राच्या नियमानुसार करून दाखवली, आणि अर्धं खाचर रिकामं राहिलं.

आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात पुन्हा लावणं. मावळात प्रत्येक शेतकऱ्याला ती जमते. मी मात्र शेतकऱ्याची नुसती बहीण आहे. लोणावळ्याच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवते. सूक्ष्म म्हणजे एक गिऱ्हाईक, एक दुकानदार, एक शेतकरी, एवढ्याचाच विचार करायचा; साऱ्या देशाची काळजी शेजारच्या वर्गातले सर करतात. मला हा विषय मानवतो, कारण घरीही मी एकच आहे. लग्न झालं नाही. का झालं नाही हे विचारणाऱ्या बायका आता आपापल्या सुनांमध्ये गुंतल्या आहेत, त्यामुळे तो प्रश्नही बंद झाला. खरं सांगायचं तर त्या प्रश्नावाचून मला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

वर्गात साठ जण माझं ऐकत नाहीत. घरी आल्यावर न ऐकायलाही कोणी नसतं. शनिवार-रविवारी आमच्या बिल्डिंगखाली पर्यटकांच्या गाड्या एकमेकींना चिकटून हॉर्न वाजवत असतात, आणि वर मी वाटीभर तांदूळ कुकरला लावून शिट्टीची वाट बघत असते. मध्यंतरी क्रेडिट कार्ड विकणाऱ्या एका मुलीचा फोन आला. मी तिच्याशी हवापाण्यापासून तिच्या आईच्या गुडघ्यांपर्यंत सगळं बोलले. शेवटी तीच म्हणाली, "मॅडम, मी जरा कामात आहे, ठेवू का?" कार्ड मी घेतलं नाही, पण पुढचे दोन-तीन दिवस फोन वाजला की तिचाच असेल असं वाटायचं.

अशा माझ्या वर्षात आवणीचा एक दिवस येतो. माझा दादा टाकवे बुद्रुकला असतो, वडिलांची शेती बघतो. गणपतीला मी त्याच्याकडे पाहुणीसारखी जाते, भाऊबीजेला ओवाळून संध्याकाळच्या गाडीनं परत येते. आवणीला मात्र मी पाहुणी नसते. साडी खोचायची, डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घ्यायचा आणि वहिनीशेजारी रांगेत वाकायचं. कोणी चिडवतं, कोणी गाणं म्हणतं, कोणी माझ्या अंगावर मुद्दाम चिखल उडवतं. दुसऱ्या दिवशी कंबर धरते, आणि मला ते दुखणंसुद्धा आवडतं. त्या एका दिवसावर मी बरेच महिने काढते.

आणि गेल्या जूनअखेरीस दादाचा फोन आला.

"सुमे, यंदा आवणी न्हाई."

"का? काय झालं?"

"माणसंच न्हाईत. सोमाला कंपनीत शिफ्ट हाये. बाया समद्या बंगल्यांवर कामाला जात्यात. मी आन तुजी वहिनी, दोघंजण किती वाकणार? खाचर ठिवतो पडीक. न्हाईतर फुडल्या सालापास्नं कुणाला तरी वाट्यानं दिऊन टाकतो."

सोमा म्हणजे दादाचा मुलगा. त्याची शिफ्ट, बायांचे बंगले, सगळं मला समजत होतं. पण खाचर पडीक म्हणजे माझा तो दिवस गेला. माझ्या तोंडातून निघून गेलं, "दादा, माणसं मी आणते."

"तू? कुटनं?"

"कॉलेजातनं."



"पोरं?" दादानं विचारलं.

"पोरं आणि पोरी."

"आवणीला?"

"प्रॅक्टिकलला."

हे सुचलं म्हणून मी स्वतःवरच खूश झाले. नव्या अभ्यासक्रमात मुलांना वर्गाबाहेर नेऊन काहीतरी दाखवायचं असतं, आणि मला दाखवायला आयता नियम होता: घटत्या फलाचा. तो पुस्तकात शेताचंच उदाहरण देऊन सांगतात. जमीन तेवढीच ठेवायची आणि मजूर एकेक करून वाढवत न्यायचे. सुरुवातीला प्रत्येक नव्या मजुरामुळे उत्पादनात चांगली भर पडते. मग ती भर कमी कमी होत जाते. तरीही मजूर वाढवतच राहिलात, तर एक वेळ अशी येते की नवा आलेला माणूस भर घालायचं सोडून आहे तेच घटवतो. एका जादा माणसामुळे जो फरक पडतो त्याला म्हणायचं सीमांत उत्पादन, आणि ते शून्याच्या खालीही जाऊ शकतं. हे मी इतकी वर्षं फळ्यावर रेष काढून शिकवत आले. (पुस्तकातल्या मजुराची चप्पल चिखलात रुतत नाही, आणि तो सोबत मावशीला घेऊन येत नाही. याची मला तोवर कल्पना नव्हती.) प्राचार्यांनी क्षेत्रभेटीच्या अर्जावर लगेच सही केली. एकटं वाटतं म्हणून जातेय असं लिहिलं असतं तर कोणत्या रकान्यात बसवायचं हे त्यांनाही कळलं नसतं.

आता आमच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे कोणी कोणाला काही सांगत नाही. बहिणीनं परकी पोरं आणून आपली आवणी करायची, हे दादाला बरं दिसेना. तो गुपचूप भावकीत गेला आणि इर्जिक सांगून आला. इर्जिक म्हणजे भावकीनं आणि शेजाऱ्यांनी मिळून एक दिवस एकाच्या शेतात राबायचं. मजुरी नाही, पोटभर जेवण. आमच्याकडे ही पद्धत बंद पडून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे लोक हौसेनं हो म्हणाले. इकडे वहिनीचा माझ्या पोरांवर विश्वास नव्हता आणि दादाच्या भावकीवर तर त्याहून नव्हता. तिनं आपल्या बचत गटातल्या बायांना सांगून ठेवलं. घराची अब्रू ऐन वेळी आपणच वाचवणार, असं आम्हा तिघांनाही मनातून वाटत होतं.

ठरल्या रविवारी आम्ही कान्हे स्टेशनला उतरलो आणि मिळतील तेवढ्या टमटम करून टाकव्याला पोचलो. मुलं पांढरेशुभ्र बूट घालून आली होती. एकानं चुलतभाऊ आणला होता. एका मुलीनं खरंच मावशी आणली होती.

"मॅडम, ती घरी एकटीच असते, बोअर होते," ती म्हणाली.

या कारणावर मी नाही म्हणूच शकले नाही.

वर्गातली हुशार मुलगी साक्षी, तिला छत्री, पाटी आणि आलेखाचा कागद देऊन बांधावर बसवलं. माणूस वाढला की किती जादा जागा लावून होते ते बघायचं आणि रेष काढत जायचं, एवढं तिचं काम. खाचरात आदल्या दिवशीच चिखलणी झाली होती. आमचं हे 'मोठं खाचर' नावालाच मोठं आहे. कॉलेजातले दोन-तीन वर्ग मावतील इतकंच. वहिनीनं पोरांना रांगेत उभं केलं.

"तीन-चार काड्या घ्यायच्या, अंगठ्यानं चिखलात दाबायच्या, आन मागं सरकायचं. म्होरं पाय टाकायचा न्हाई. म्होरं टाकला तर आपलंच लावल्यालं तुडावतंय. कळलं?"

"हो वहिनी," पोरं एकसुरात म्हणाली. माझ्या वर्गात ती इतक्या एकसुरात कधीच बोलत नाहीत.

सुरुवात झकास झाली. दादा, वहिनी आणि चार पोरं होती, त्यात आणखी चार घातली. कोणी रोपांच्या मुठी फेकतंय, कोणी लावतंय, हिरव्या रांगा भराभर उमटू लागल्या.

"साक्षी, रेष कशी आहे?"

"वर चाललीय मॅडम!"

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या विषयाचा कोणाला तरी उपयोग होत होता. मी उरलेला वर्ग आत सोडला, मावशीसकट.

तेवढ्यात वरच्या अंगानं भावकी आली. पुढे बबनआबा, आमच्या भावकीतले सगळ्यात वडील, आणि मागं इतकी माणसं की शेपूट वळणाच्या पलीकडे होतं. मी दादाकडे पाहिलं. दादा एकदम बैलांकडे बघायला लागला. (बैल त्यानं केव्हाच विकले होते; तो रिकाम्या गोठ्याकडे बघत होता.)

"दादा, हे काय?"

"आता आल्यात तर आल्यात," दादा म्हणाला. "इर्जिकीला आल्याला माणूस माघारी लावत्यात व्हय?"

हे बोलून होतंय तोच खालच्या अंगानं बचत गट आला. सगळ्यांच्या एकसारख्या जांभळ्या साड्या, सगळ्यांचे पदर खोचलेले. आता वहिनी आभाळाकडे बघायला लागली.

अर्थशास्त्राची प्राध्यापक म्हणून मी तिथंच थांबवायला हवं होतं. रेष आडवी झालीय, असं साक्षी बांधावरून ओरडूनही सांगत होती. पण मला थांबवायचं नव्हतं. एवढी माणसं एकाच वेळी मला हाका मारत होती. "सुमनताई, हितं या." "आत्या, पाय संभाळा." "मॅडम, इकडे बघा, फोटो." लोणावळ्यात आठवडाभरात जेवढ्या हाका मिळत नाहीत तेवढ्या मला त्या अर्ध्या तासात मिळाल्या. मी म्हटलं, येऊ दे अजून.

आणि आले की! टाकव्यावरून धबधब्यांकडे जाणाऱ्या दोन गाड्या गर्दी बघून थांबल्या. हॅट घातलेले एक गृहस्थ काच खाली करून बबनआबांना विचारते झाले, "अंकल, ये ॲक्टिव्हिटी का पर पर्सन कितना है?"

"पर पर्सन जेवान हाये," आबा म्हणाले. "चपला काडा आन उतरा."

ते सहकुटुंब उतरले.

खरा घोटाळा आता झाला. माझी मुलं वरच्या बांधापासून लावत लावत मागं सरकत होती. बचत गट खालच्या बांधापासून लावत लावत मागं सरकत होता. कोणाचंच तोंड कोणाकडे नव्हतं. भावकी आणि हॅटवाले मिळेल त्या फटीत शिरून मागं सरकत होते. सगळे वाकलेले, सगळे उत्साहात, आणि खाचराच्या मधोमध दोन्ही रांगांची पाठीला पाठ लागली.

"ओ मावशी, जरा सरका ना," माझा एक विद्यार्थी बचत गटातल्या एका बाईला म्हणाला.

"कुटं सरकू? म्होरं माजीच रोपं हायेत."

"मग मागे या."

"मागं तू हायेस, बाबा."

सगळी इर्जिक मध्ये अडकली. चहूबाजूंनी ताजी लावलेली रोपं आणि मध्ये खांद्याला खांदा लावून ताठ उभी राहिलेली माणसं. त्यांत मीही होते. हलावं तर तुडवणार, न हलावं तर घरी कसं जाणार? हॅटवाले गृहस्थ अतिशय नम्रपणे विचारत होते, "मॅम, एक्झिट किधर है?" बबनआबा बांधावरून एकाच दमात "कुनी हलायचं न्हाई" आणि "एकेक जण भायेर या" अशा दोन्ही आज्ञा देत होते. लोक दोन्ही पाळायचा प्रयत्न करत होते.

एवढी माणसं अडकलीत म्हटल्यावर फोटो काढायला उरलेली माणसं खालच्या बांधावर गोळा झाली. बांधानं जितका वेळ धरता येईल तितका धीर धरला. मग तो माणसांसकट बसला, आणि खाचरातलं पाणी धो धो करत खालच्या खाचरात निघालं. सोबत अजून मूळ न धरलेली आमची रोपंही निघाली. खालचं खाचर बबनआबांचं होतं. त्यांनी क्षणभर त्या हिरव्या लोंढ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "माजी आयती आवणी झाली."

"मॅडम," साक्षीचा आवाज आला, "रेष कागदाच्या खाली गेली. दुसरा कागद जोडू का?"

"जोड," मी म्हटलं. मी दुसरं काय म्हणणार होते?

शेवटी वहिनीनंच निकाल लावला. "निगा समदी! तुडवा, पर निगा. जेवान निवतंय."

मग तुडवली सगळ्यांनी. काय आवाज होत होता त्या चिखलाचा!

जेवणं मात्र झकास झाली. इर्जिकीचा नियम असा, की ज्याचा पाय चिखलानं भरला तो त्या घरी जेवणारच. भात, काळ्या मसाल्याची आमटी, भाकरी. भात तीनदा पुन्हा टाकावा लागला. त्या दुपारी जेवढा तांदूळ शिजला तेवढा त्या खाचरात पुढे पिकला नाही, हे मी जबाबदारीनं सांगते. त्या मुलीची मावशी वहिनीच्या चुलीपाशी जी बसली ती उठायलाच तयार नव्हती. हॅटवाल्यांनी इथं राहायची सोय होते का म्हणून चौकशी केली. मुलं म्हणाली, मॅडम, असं प्रॅक्टिकल दर आठवड्याला ठेवा.

दुपार कलली आणि सगळे गेले. मुलांना मी साक्षीच्या हवाली करून पुढे पाठवलं. ओट्यावर आम्ही तिघंच उरलो. समोर खाचर होतं: निम्मं तुडवलेलं, निम्मं रिकामं, बांध फुटलेला, आणि लावायला एक मूठही शिल्लक नाही.

"सुमे," दादा म्हणाला, "फुडल्या साली वाट्यानं दितो. बबनआबाचा पोरगा करतो म्हनतोय. आपल्याच्यानं आता व्हत न्हाई."

"माझ्यामुळं झालं हे सगळं."

"तुज्यामुळं कशानं? भावकी मी बोलावली."

"आन बाया मी," वहिनी म्हणाली.

त्यांनी दोघांनी आपापला वाटा उचलला, तरी मला काही हलकं वाटेना. जो दिवस वाचवायला मी एवढा खटाटोप केला होता तो मीच बुडवला होता. मला रडू आलं. या वयात, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, आणि मी पहिलीतल्या पोरीसारखी रडत होते.

"मग पुढच्या वर्षी मी कशाच्या नावानं येऊ?" मी म्हटलं. "आवणीच नाही तर मी इथं येऊन करू काय? मला तिकडं फार एकटं वाटतं, दादा."

आमच्या घरात असं कोणी बोलत नाही. दादाला कुठं बघावं कळेना. तो पुन्हा गोठ्याकडे बघायला लागला. वहिनी काडीनं पायाच्या बोटांमधला चिखल काढत होती. ती मान वर न करता म्हणाली, "वन्सं, रागावू नका. पर तुमी कवा आवणी करत व्हता?"

"म्हणजे? इतकी वर्षं मग काय करत होते मी?"

"तुमचं लावल्यालं तरंगतंय. दाबतच न्हाई तुमी. तुमी लोणावळ्याला गेला की दुसऱ्या दिशी मी तुमची रांग पुन्यांदा लावती."

"दर वर्षी?"

"दर साली. येक साल तर तुमी अक्कीच्या अक्की मूठ लावून गेलता. चार काड्या घ्यायच्या त्या तुमी गप्पांच्या नादात इसरला."

मी दादाकडे पाहिलं. म्हटलं, निदान हा तरी नाही म्हणेल.

"तुज्या रांगेपायी आमी रोपं जादाच टाकतो," दादा गोठ्याला म्हणाला.

"मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस व्हय?" दादा म्हणाला. मग घसा खाकरून, जरा रागानंच, "आन आवणी न्हाई म्हून यायचं न्हाई, ह्ये कुनी सांगितलं तुला? फुडल्या साली त्या दिशी यायचं. बांधावर बसू. आबाचा पोरगा कसा लावतो त्ये बगू, आन दोघं मिळून नावं ठिवू."

"मधल्या रविवारी बी या," वहिनी म्हणाली. "फकस्त पोरं आनू नका."

सोमवारी वर्गात साक्षीनं तिचा आलेख फळ्यावर लावला. वरचा कागद, त्याला चिकटपट्टीनं जोडलेला दुसरा कागद, आणि त्यावरून सरळ खाली, फळ्याच्या चौकटीपर्यंत आलेली रेष. वर्ग पहिल्यांदाच चिडीचूप होता.

"मॅडम," मागच्या बाकावरून प्रश्न आला, "ज्याच्यामुळे उत्पादन उलट कमी होतं, अशा माणसाला कोणी कशाला बोलावेल?"

कोणताही शहाणा उत्पादक बोलावणार नाही, हे याचं पुस्तकी उत्तर. ते मी वर्षानुवर्षं लिहून घेतलं आहे, आणि न लिहिणाऱ्यांचे गुण कापले आहेत.

"बोलावतात," मी फळ्याकडे तोंड करून म्हणाले. "दर वर्षी बोलावतात, जेवायला घालतात, आणि गेल्यावर त्यानं केलेलं सगळं काम पुन्हा करतात. पण परीक्षेत असलं काही लिहू नका. पेपर मीच तपासते, आणि मला शेतीतलं काही कळत नाही."